काव्यास स्वर देताना : ब्रिटनच्या 'वॉर रेक्विएम'वरून काही विचार

उपासनेत आपण जे गातो त्याचा अर्थ शब्दांनी ठरतो की स्वरांनी, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत फारसा विचारला जात नाही. गीत निवडताना आपण शब्द तपासतो, त्यातील धर्मशिक्षण निर्दोष आहे ना हे पाहतो आणि मग चाल कोणती लावावयाची हे पेटी वाजविणाऱ्यावर सोपवितो. यात आपली चूक आहे असे म्हणवत नाही, कारण आपली परंपराच तशी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ साली छापले गेले ते ओवीत; आणि ओवीची चाल एकदा बसली की सहस्रावधी ओव्या तीच चाल वाहून नेते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग, भजन व कीर्तन यांच्याद्वारे ख्रिस्ती उपासनेस मराठी वळण दिले. तेथेही एकच चाल सर्व कडव्यांची सेवा करते. या रीतीचा लाभ मोठा आहे. अक्षरओळख नसलेली वृद्धाही तिच्या आधाराने शंभर ओव्या कंठस्थ करते. तथापि तिला एक मर्यादा आहे. चालीस कडवे कोणते चालले आहे याची जाणीव नसते. आनंदाचे कडवे व विलापाचे कडवे, दोन्ही तिच्या लेखी सारखीच.

पाश्चात्त्य कलासंगीतात, विशेषतः विसाव्या शतकात, काव्यास स्वर देण्याची जी रीत प्रगत झाली तिचा मार्ग बहुधा वेगळा आहे. तेथे स्वरकार ओळीओळीस, किंबहुना शब्दाशब्दास, नवी स्वररचना करतो. कोठे एका अक्षरास एकच स्वर द्यावयाचा व कोठे एकाच अक्षरावर दहा स्वर फिरवावयाचे, कोणता शब्द पुन्हा उच्चारावयाचा, कोणती ओळ गाळावयाची, कोणता कंठ कोणत्या शब्दास द्यावयाचा आणि कोठे गप्प राहावयाचे, हे सारे त्यास ठरवावे लागते. प्रत्येक निर्णय म्हणजे त्या काव्याचा लावलेला अर्थच होय. म्हणून आम्ही असे म्हणतो की, काव्यास स्वर देणे हे एक प्रकारचे भाष्य आहे. आणि भाष्य करणे हा ज्यांचा नित्याचा व्यवसाय आहे अशा पाळकांनी व धर्मशिक्षकांनी ते समजून घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात आम्ही एकच उदाहरण थोड्या विस्ताराने घेत आहोत : इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन (१९१३–१९७६) यांची 'वॉर रेक्विएम', म्हणजे युद्धमृतांसाठीची प्रार्थना, ही १९६२ सालची रचना.

रचनेचा प्रसंग

इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री हे कारखान्यांचे शहर १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांच्या बाँबवर्षावाखाली सापडले. पाचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि सेंट मायकेलचे जुने कॅथीड्रल जळून केवळ भिंती व मनोरा उभा राहिला. ते भग्नावशेष पाडले गेले नाहीत. वास्तुशिल्पी बेसिल स्पेन्स यांनी त्यांच्या लगतच नवे कॅथीड्रल उभारले. जुन्या वेदीमागील भिंतीवर 'पित्या, क्षमा कर' एवढेच शब्द कोरलेले आहेत. वधस्तंभावरील प्रभूच्या प्रार्थनेत असलेला 'त्यांना' हा शब्द तेथे नाही. क्षमेची गरज केवळ शत्रूलाच आहे असे त्या मंडळीस म्हणावयाचे नव्हते. वाचकांनी हा तपशील ध्यानात ठेवावा. त्याकडे आपणांस पुन्हा यावयाचे आहे.

नव्या कॅथीड्रलच्या प्रतिष्ठापनेच्या उत्सवासाठी ब्रिटन यांस रचना करण्याचे निमंत्रण मिळाले आणि ३० मे १९६२ रोजी तेथेच तिचे प्रथम गायन झाले. ब्रिटन हे आयुष्यभर युद्धविरोधी होते. दुसऱ्या महायुद्धात विवेकबुद्धीस स्मरून त्यांनी शस्त्र धरण्यास नकार दिला होता. मृतांसाठीच्या लॅटिन मिस्सेचे शब्द तर त्यांनी घेतलेच, परंतु त्या शब्दांच्या मध्ये मध्ये विल्फ्रेड ओवेन या कवीच्या नऊ इंग्रजी कविता त्यांनी योजल्या. एका अंगास मंडळीची शतकानुशतकांची प्रार्थना, दुसऱ्या अंगास खंदकातील सैनिकाचे शब्द, अशी ही योजना आहे.

हा कवी कोण होता हे धर्मसेवकांनी जाणून घेण्यासारखे आहे. ओवेन यांचा जन्म १८९३ चा. १९११ ते १९१३ या काळात डन्सडेन या खेड्यात ते तेथील पाळकाचे साहाय्यक म्हणून राहिले. गोरगरिबांच्या घरी जाणे, मुलांना शिकविणे अशी कामे त्यांनी केली आणि अखेर त्या मंडळीच्या धर्माविषयी मन विटून ते तेथून निघाले. १९१५ साली ते सैन्यात गेले. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी फ्रान्समध्ये सांब्र–ओआझ कालव्यापाशी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते मारले गेले. युद्धविरामास तेव्हा केवळ एक आठवडा उरला होता. मृत्यूची तार त्यांच्या आईवडिलांच्या हाती पडली ती ११ नोव्हेंबर रोजी, गावात शांततेच्या घंटा वाजत असताना. आपल्या देशाशी या कवीचा एक नाजूक धागा आहे. शेवटच्या वेळी घर सोडताना त्यांनी आईस रवींद्रनाथांच्या 'गीतांजली'तील ओळी म्हणून दाखविल्या होत्या, आणि पुत्राच्या मृत्यूनंतर १९२० साली त्या मातेने स्वतः रवींद्रनाथांस पत्र लिहून हे कळविले.

तीन स्थाने, तीन कंठ

शब्दांचा अर्थ ते कोण बोलते आणि कोठून बोलते यावरही अवलंबून असतो. ब्रिटन यांनी गायक-वादकांचे तीन गट केले आहेत. पहिला गट मोठा वाद्यवृंद, मोठा गायकवृंद आणि सोप्रानो, म्हणजे उंच स्वराची गायिका, यांचा. लॅटिन मिस्सेचे शब्द याच्याकडे आहेत. ही एकत्र जमलेली मंडळी होय. दुसरा गट बारा वादकांचा लहानसा वाद्यमेळ आणि दोन पुरुषगायक यांचा. एक टेनर, म्हणजे उंच पुरुषस्वर, व दुसरा बॅरिटोन, म्हणजे त्याहून खालचा. ओवेन यांच्या कविता हे दोघे गातात. हे दोन सैनिक आहेत. तिसरा गट ऑर्गनच्या साथीने गाणाऱ्या मुलांचा. ही मुले दूरवर राहून लॅटिनमध्येच गातात आणि त्यांचा स्वर मानवी दुःखाने स्पर्शिलेला वाटत नाही.

एकल गायकांची निवडही अर्थपूर्ण होती. टेनर इंग्लंडचे पीटर पीअर्स, बॅरिटोन जर्मनीचे डिट्रिख फिशर-डीस्काउ आणि सोप्रानो रशियाच्या गालिना विश्नेव्हस्काया, अशी योजना होती. ज्या राष्ट्रांनी युद्धात अपरिमित सोसले त्यांतील तीन कंठ एकत्र यावेत हा तिचा हेतू. फिशर-डीस्काउ हे स्वतः जर्मन सैन्यात होते व युद्धकैदी म्हणून इटलीत राहिले होते. सोव्हिएत सरकारने विश्नेव्हस्काया यांस प्रथम गायनासाठी येऊ दिले नाही. ऐन वेळी त्यांचे स्थान हेदर हार्पर यांनी घेतले. जानेवारी १९६३ मध्ये लंडनला झालेल्या ध्वनिमुद्रणात मात्र विश्नेव्हस्काया गायल्या आणि योजलेले तिन्ही कंठ एकत्र आले.

न सुटणारे अंतर

रचनेचा आरंभ गायकवृंदाच्या अस्फुट स्वरांनी होतो. मृतांस चिरविश्रांती लाभो, अशी ती प्रार्थना आहे; परंतु ती ज्या दोन स्वरांवर बेतली आहे ते स्वर विश्रांती देणारे नाहीत. आपल्या सप्तकाच्या भाषेत सांगावयाचे तर ते षड्ज आणि तीव्र मध्यम होत. या दोहोंतील अंतर सप्तकाचे बरोबर दोन सारखे भाग करते. म्हणून कानास कोणत्या बाजूस झुकावे हे कळत नाही. पाश्चात्त्य शास्त्रकारांनी हे अंतर दीर्घकाळ टाळण्याजोगे मानले. त्यास 'संगीतातील सैतान' असेही नाव पडले. घंटाही याच दोन स्वरांवर वाजतात. शब्द म्हणतात 'विश्रांती', स्वर म्हणतात 'अद्याप नाही'. शब्द खोडून न काढता त्याची परीक्षा पाहण्याचे सामर्थ्य स्वरांत असते, ते येथे पहिल्याच पानावर प्रत्ययास येते.

आणि त्या घंटांचा नाद कानी असतानाच टेनर ओवेन यांची पहिली कविता गाऊ लागतो. रणांगणावर घाऊक मरणाऱ्या तरुणांस कोणता अंत्यविधी लाभतो, असे ती विचारते आणि तोफाबंदुकांच्या आवाजाशिवाय दुसरी प्रार्थना त्यांच्या वाट्यास येत नाही असे सुचविते. आताच ऐकलेल्या घंटांनाच हा प्रश्न विचारला जात आहे! विधी चालू असताना विधीविषयी प्रश्न उभा राहतो. कविता संपल्यावर गायकवृंद दयेची प्रार्थना पुटपुटल्याप्रमाणे म्हणतो आणि अगदी शेवटी ते दोन स्वर एका मृदू, स्थिर स्वरमेळात विसावतात. हे विसावणे रचनेत तीनदा येते : पहिल्या भागाच्या अखेरीस, दुसऱ्याच्या अखेरीस आणि सर्वांच्या शेवटी. प्रत्येक वेळी ते वाद्यांच्या साथीविना, हळू आवाजात येते. विजयाचा घोष तेथे नाही.

अब्राहामाचे वचन

तिसरा भाग अर्पणविधीचा आहे. लॅटिन प्रार्थनेत, देवाने अब्राहामास व त्याच्या संततीस दिलेल्या वचनाचे स्मरण केले जाते. या शब्दांवर गायकवृंद मोठ्या उत्साहाने अनेकपदरी गायन करतो. एका गटाने चाल उचलावी, दुसऱ्याने तिचा पाठलाग करावा, असा तो जुना प्रकार आहे. ऐकताना वाटते की, परंपरेच्या ओघात आपण सुखरूप आहो.

लगेच दोन्ही सैनिक उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायातील कथा सांगू लागतात. पण ती ओवेन यांनी लिहिल्याप्रमाणे. बराच वेळ सारे आपल्या परिचयाचे चालते : पर्वत, लाकडे, सुरी, इसहाकाचा प्रश्न. देवदूताची हाकही येते, आणि तेथे टेनर व बॅरिटोन एकत्र गातात, जणू दोन मानवी कंठ मिळून एक अलौकिक वाणी होते. ही युक्ती ब्रिटन यांनी पूर्वीच योजिलेली होती. १९५२ साली एका जुन्या इंग्रजी धर्मनाट्यातील शब्द घेऊन त्यांनी अब्राहाम व इसहाक यांच्यावर एक रचना केली होती. तीत परमेश्वराची वाणी अशीच दोन कंठांच्या मेळातून येते, आणि इसहाक वाचतो. त्याच संगीताचे धागे येथे पुन्हा घेतले आहेत. पण ओवेन यांच्या कवितेतील वृद्ध पिता देवदूताचे ऐकत नाही. गर्वाचा एडका अर्पण करण्याऐवजी तो पुत्राचाच वध करतो, आणि त्याच्याबरोबर युरोपातील असंख्य पुत्रांचाही.

यानंतर जे होते ते शब्दांत सांगणे कठीण आहे. दोघे सैनिक कवितेची शेवटची ओळ तुकड्यातुकड्यांनी पुन्हा पुन्हा म्हणत राहतात, एकेक पुत्र मोजल्याप्रमाणे. आणि त्याच वेळी दुरून मुलांचा स्वर येतो. मुले मिस्सेतील पुढचे शब्द गात असतात : हे प्रभो, स्तुतीची अर्पणे व प्रार्थना आम्ही तुला वाहतो. ज्यांना अर्पण केले जात आहे तेच अर्पणाचे शब्द गात आहेत. ब्रिटन यांनी येथे मिस्सेचा एक शब्दही बदललेला नाही. फक्त तो कोणाच्या मुखी आणि कोणत्या क्षणी यावा एवढेच ठरविले आहे. मग अब्राहामास दिलेल्या वचनाचे गायन पुन्हा येते, कारण विधीत ते तसे येतेच. पण आता ते दबक्या आवाजात आणि चाल उलटी करून येते. जेथे स्वर चढत होते तेथे उतरतात. वचन मोडले गेले नाही. पण ते पहिल्यासारखे गाता येईनासे झाले आहे.

कोठे थांबावे

चौथ्या भागात 'पवित्र, पवित्र, पवित्र' हे स्तोत्र आहे. सोप्रानो घंटा व धातुवाद्यांच्या झंकारात एकेका अक्षरावर लांब ताना घेत ते गाते. मग गायकवृंदातील प्रत्येक पदर आपापल्या गतीने शब्द पुटपुटू लागतो आणि तो गुंजारव वाढत वाढत मोठ्या जयघोषात फुटतो. हे तेज विरते तोच बॅरिटोन ओवेन यांची एक कविता गातो. मृत देहांस पुन्हा जीवन लाभेल काय, मरण खरोखर नाहीसे होईल काय, असा तिचा प्रश्न आहे. काळ आणि पृथ्वी यांना तो विचारला जातो, व दोघेही नकार देतात.

या कवितेची एक हकीकत पाळकांच्या मनास लागावी अशी आहे. फ्रान्समधील ऑर्स या गावच्या दफनभूमीत ओवेन यांची कबर आहे. तिच्यावरील लेखासाठी आईने याच कवितेतील शब्द निवडले. पण तिने ओळ मध्येच तोडली. जेथे कवीचे प्रश्नचिन्ह होते तेथपर्यंत ती गेलीच नाही. त्यामुळे कवितेत जो प्रश्न होता, आणि ज्याचे उत्तर नकारार्थी होते, तो शिळेवर पुनरुत्थानाची ग्वाही होऊन बसला. त्या मातेस दोष देण्याचे धाडस आम्हांस होत नाही. तिने तिच्या विश्वासाचे शब्द पुत्राच्या शब्दांतून शोधून काढले. तथापि पुत्राने जे म्हटले ते ते नव्हे, हेही खरे.

ब्रिटन यांनी ती कविता शेवटपर्यंत गावयास लावली आहे, आणि तीही 'पवित्र'च्या जयघोषानंतर लगोलग. येथे काव्यास स्वर देण्याच्या कलेतील एक कळीचा निर्णय दिसतो : कोठे थांबावे. याच निर्णयाशी आपली रोजची गाठ आहे. अंत्यविधीच्या वेळी स्तोत्रसंहितेतील एखादे विलापस्तोत्र आपण वाचावयास घेतो आणि सांत्वनाची ओवी आली की तेथेच पुस्तक मिटतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र, ज्याचा शेवट अंधारातच होतो, ते आपण कबरीजवळ क्वचितच वाचतो. दुःखितांना दिलासा मिळावा ही आपली इच्छा खरी. पण पवित्र शास्त्राने ज्यास शेवटपर्यंत बोलू दिले त्यास आपण अर्ध्यावर थांबवितो, याचे भान असावे.

ब्रिटन यांनी काटछाट कधीच केली नाही असे मात्र नाही. शेवटच्या भागात त्यांनी 'स्ट्रेंज मीटिंग' ही कविता घेतली आहे. मेलेला सैनिक एका खोल भुयारात उतरतो व ज्यास त्याने स्वतः मारले त्या शत्रूची त्यास भेट होते. मूळ कवितेत ते स्थान नरक आहे असे स्पष्ट म्हटले आहे. त्या ओळी स्वरकाराने गाळल्या आहेत. त्यामुळे ऐकणाऱ्यास त्या भेटीचे ठिकाण कोणते हे सांगितले जात नाही, आणि पुढे त्याच भेटीवर मुलांच्या स्वर्गविषयक प्रार्थनेचे शब्द उतरू शकतात. ही मुभा स्वरकाराने घेतली. ती योग्य की अयोग्य याविषयी मतभेद होऊ शकेल. परंतु गाळणे हेही भाष्यच आहे, एवढे यावरून निश्चित दिसते.

आरोप आणि प्रार्थना एकाच चालीत

पाचवा भाग, 'देवाचा कोकरा', हा सर्वांत लहान. आमच्या मते मात्र साऱ्या रचनेचे हृदय येथे आहे. रणभूमीच्या वाटेवर वधस्तंभाची एक मूर्ती उभी आहे. ओवेन यांची कविता म्हणते की, तीही तोफेच्या माऱ्यात सापडली आहे. त्याचे शिष्य लपून बसले आहेत आणि सैनिक मात्र त्याच्यापाशी उभे आहेत. पुढे धर्मगुरूंचा उल्लेख येतो, आणि तो आपणांस बोचणारा आहे : ते गर्वाने मिरवत तेथून जातात, आणि सौम्य ख्रिस्तास नाकारणाऱ्याची खूण त्यांच्या अंगी आहे. राष्ट्रभक्तीच्या नावाने मोठमोठ्याने बोलणाऱ्या शास्त्र्यांनाही कवी सोडत नाही. जो एके काळी पाळकाचा साहाय्यक होता त्याचे हे शब्द आहेत.

कवितेच्या प्रत्येक कडव्यानंतर गायकवृंद मिस्सेचे शब्द म्हणतो : जगाचे पाप हरण करणाऱ्या देवाच्या कोकऱ्या, त्यांस विश्रांती दे. आता स्वरयोजना पाहा. पाच स्वर खाली उतरतात, पाच स्वर वर चढतात. एवढीच चाल, आणि ती अखंड फिरत राहते. सैनिकाच्या आरोपाखाली तीच चाल, मंडळीच्या प्रार्थनेखालीही तीच. येथे ताना नाहीत, आवेश नाही. बहुधा एका अक्षरास एक स्वर. आरोप करणारा ओरडत नाही आणि प्रार्थना करणारे त्याचा आवाज दाबीत नाहीत. दोघे एकाच श्वासाने चालतात.

शेवटी एक गोष्ट घडते. आतापर्यंत टेनर केवळ इंग्रजी गात आला आहे. लॅटिन ही मंडळीची भाषा, त्याची नव्हे. कविता संपल्यावर तो प्रथमच, आणि साऱ्या रचनेत एकदाच, लॅटिनमध्ये गातो. तो म्हणतो, 'आम्हांला शांती दे.' हे शब्द मृतांसाठीच्या मिस्सेत नाहीत. तेथे 'त्यांना विश्रांती दे' असे आहे. 'आम्हांला शांती दे' हे नित्याच्या मिस्सेतील शब्द होत. ते येथे घालावेत ही सूचना पीअर्स यांची होती. एका सर्वनामाने केवढा फरक पडतो! मेलेल्यांसाठी प्रार्थना करता करता जिवंतांना कळते की, आपणही त्याच गरजेत आहो. कॉव्हेन्ट्रीच्या भिंतीवर 'त्यांना' हा शब्द का नाही, हे येथे पुन्हा आठवते. आणि ज्याने धर्मगुरूंवर आरोप ठेवला त्याच्याच मुखी मंडळीची भाषा यावी, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. त्यास आपला आरोप मागे घ्यावा लागला नाही. तो संपूर्ण ऐकला गेल्यावरच ही प्रार्थना त्याच्या ओठी आली.

शेवटचा मेळ

सहाव्या भागात युद्धाचा प्रक्षोभ पराकोटीस जातो व कोसळतो. मग जवळजवळ निःशब्द झालेल्या वाद्यांवर दोन शत्रूंची ती भेट होते. या कवितेत ओवेन यांनी अपुऱ्या यमकांचा प्रयोग केला आहे : व्यंजने तीच, स्वर निराळा. मराठीत 'माळ' आणि 'मूळ', 'हात' आणि 'हित' अशी जुळणी केल्यासारखे ते वाटते. कान जुळणीची अपेक्षा करतो आणि ती थोडक्यात हुकते. षड्ज व तीव्र मध्यम यांच्यातील न सुटणारे अंतर आणि हे न जुळणारे यमक यांत आम्हांस नात्याचा भास होतो. ब्रिटन यांनी येथे स्वरांची गर्दी केलेली नाही. शब्द बोलल्यासारखे येतात. मारणारा व मारला गेलेला एकमेकांस ओळखतात.

शेवटी दोघे मिळून झोपेचे शब्द गाऊ लागतात तेव्हा दुरून मुले मृतांस स्वर्गात नेण्याची प्रार्थना आरंभितात. सोप्रानो व गायकवृंद त्यात मिळतात आणि रचनेत प्रथमच तिन्ही गट एकत्र गातात. वाटते की, आता सारे मिटले. पण घंटा पुन्हा त्याच दोन स्वरांवर वाजतात, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा, आणि मोठा मेळ थांबतो. मग तिसऱ्यांदा तो साथीविना मृदू विसावा येतो व 'आमेन' होते. शांतीची आशा आहे. परंतु ती सहज मिळालेली नाही, हे ऐकणाऱ्यास विसरू दिले जात नाही.

दुसरी एक वाट

यावर कोणी विचारील की, स्वरकाराने इतके भाष्य करावेच काय? पवित्र वचन असेल तेथे त्याने बाजूस होऊ नये काय? या प्रश्नाचे उत्तर एस्टोनियाचे संगीतकार आर्व्हो पेर्त (जन्म १९३५) यांच्या कार्यात मिळते. योहानाच्या शुभवर्तमानातील दुःखसहनाच्या वृत्तान्तावर त्यांनी १९८२ साली 'पासियो' ही रचना पूर्ण केली. तीत त्यांनी आपली भावना मध्ये येऊ न देण्याचा निर्धार केलेला दिसतो. शब्दातील अक्षरांची संख्या, वाक्यातील स्वल्पविराम, पूर्णविराम व प्रश्नचिन्हे यांवरून स्वरांची चाल व लांबी ठरते. यातनांच्या वर्णनात स्वर आक्रोश करीत नाहीत. सुमारे सत्तर मिनिटे वृत्तान्त एखाद्या वाचकाने गंभीरपणे वाचावा तसा चालतो. ब्रिटन यांची वाट उपदेशकाची, पेर्त यांची वाचकाची, असे म्हणता येईल. परंतु दोघांतही एक गोष्ट समान आहे : विरामचिन्हापर्यंत शब्दाचा मान राखलेला आहे. मंडळीस दोन्ही सेवा हव्या असतात.

आपल्यापुरते

आपल्या मंडळ्यांत असा वाद्यवृंद नाही, तसे गायक नाहीत, आणि ही रचना आपण गावी असे आम्ही सुचवीत नाही. ध्वनिमुद्रण मात्र आता सहज ऐकावयास मिळते. कोणी धर्मसेवकाने शब्द समोर ठेवून तिसरा व पाचवा हे दोन भाग जरी ऐकले तरी आमचा हेतू सफल होईल.

आपल्या पेटी-तबल्याच्या साध्या उपासनेसही यातून काही घेता येते. नवे गीत बसविताना चाल गोड आहे काय एवढेच न विचारता, ही चाल या शब्दांविषयी काय म्हणते, असे विचारावे. पश्चात्तापाचे स्तोत्र टाळ्यांच्या ठेक्यावर म्हटले तर मंडळी पश्चात्ताप शिकेल काय? ऱ्हस्व अक्षर चालीसाठी दीर्घ ओढून शब्दाचे रूप बिघडत असेल तर चाल बदलावी, शब्दाचा बळी देऊ नये. विलापाच्या कडव्यापाशी पेटी थोडा वेळ बंद ठेवून केवळ कंठ ऐकू द्यावा; एकच चाल असली तरी एवढे करणे आपल्या हाती आहे. कोणते कडवे गाळावयाचे हे वेळेच्या हिशेबाने न ठरविता अर्थाच्या हिशेबाने ठरवावे. आणि कबरीपाशी उभे राहून आपण स्तोत्र वाचू तेव्हा ज्याचे प्रश्नचिन्ह आहे ते त्यास द्यावे. तेथे उभ्या असलेल्या कोणाच्या तरी मनात तो प्रश्न आधीच असतो. तो उपासनेत उच्चारला गेला तर त्यास कळेल की, या प्रार्थनेत आपल्यालाही जागा आहे.